माउस थांबला, म्हणजे माणूस थांबला का?

घरून काम चालू आहे. एक्सेलमधला तक्ता अर्धा भरून झालाय, तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते. तुम्ही उठून गॅस बंद करता. दारावर कुरिअरवाला उभा असतो, त्याला ओटीपी सांगता, घोटभर पाणी पिता आणि परत खुर्चीत येऊन बसता. सात-आठ मिनिटे गेली असतील. पण ऑफिसच्या चॅटमध्ये तुमच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका एव्हाना पिवळा झालेला असतो. तुम्ही जागेवर नाही, हे सगळ्या टीमला कळलेले असते.

हे त्या चॅटला कसे कळले? कॅमेरा तर बंद होता. चॅटची विंडो सकाळपासून मागेच पडलेली होती आणि तुमचा माउस फिरत होता तो एक्सेलवर. एका प्रोग्रॅमवर चाललेली हाताची हालचाल मागे पडलेल्या दुसऱ्याच प्रोग्रॅमला कशी समजते, हा प्रश्न वरवर निव्वळ तांत्रिक वाटतो. पण मनगट दुखू नये म्हणून ‘जरा थांबा’ असे सांगणारे प्रोग्रॅम याच वाटेने काम करतात आणि कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणारेही याच वाटेने. दिवसाचे आठ-दहा तास हातात माउस असणाऱ्या प्रत्येकाला ही वाट माहीत असलेली बरी.

टपाल येते कुठे, जाते कुठे?

पहिला माउस १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची, बनवला बिल इंग्लिश यांनी. लाकडाचे एक खोके, खाली दोन चाके आणि वर एक बटण, एवढाच तो होता. आजच्या माउसच्या पोटात चाकांऐवजी एक छोटा दिवा आणि एक अगदी लहान कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची भराभर चित्रे घेतो आणि आपण किती सरकलो हे त्यावरून ठरवतो. साधा यूएसबी माउस सेकंदाला साधारण १२५ वेळा संगणकाला निरोप देऊ शकतो: इतका डावीकडे, इतका वर, बटण दाबलेले आहे किंवा नाही. गेम खेळणाऱ्यांचे खास माउस सेकंदाला १००० वेळाही देतात. आपण एक्सेलवर आहोत की यूट्यूबवर, हे मात्र माउसला ठाऊक नसते.

हे निरोप आधी पोहोचतात ते विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स अशा ऑपरेटिंग सिस्टीमकडे. मोठ्या सोसायटीच्या गेटवर सगळे टपाल घेणारा वॉचमन असतो ना, तसेच तिचे काम. क्लिक नेमकी कुठे झाली, त्या जागी सगळ्यात वर कोणती विंडो आहे, हे ती पाहते आणि तो निरोप त्याच विंडोच्या दारात टाकते. एका बिऱ्हाडाचे पत्र दुसऱ्या बिऱ्हाडात जात नाही. मागे झाकल्या गेलेल्या, किंवा ज्याला विंडोच नाही अशा प्रोग्रॅमला यातले काहीही मिळत नाही. नेहमीच्या कामासाठी हा नियम उत्तम आहे.

मागे बसलेल्या प्रोग्रॅमला तरीही हालचाल कळायला हवी असेल, तर त्याला वॉचमनकडे वेगळी विनंती करावी लागते. विंडोजमध्ये अशी विनंती प्रामुख्याने चार प्रकारे करता येते.

पहिला प्रकार सर्वांत साधा: ‘शेवटचे टपाल कधी आले?’ विंडोज २००० पासून ‘गेट लास्ट इनपुट इन्फो’ नावाची सोय आहे. तिचे उत्तर म्हणजे फक्त एक आकडा. संगणक सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी शेवटची हालचाल झाली, एवढेच तो सांगतो. ती हालचाल माउसची होती की कीबोर्डची, क्लिक कुठे झाली, काय टाइप केले, यातले काहीच त्यात नसते. हिरवा ठिपका पिवळा करायला एवढी माहिती पुरते.

दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम ठरावीक वेळाने विचारत राहतो: ‘कर्सर आत्ता कुठे आहे?’ मागच्या वेळची जागा आणि आताची जागा वेगळी असेल तर हात हलला. यात दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात झालेले निसटते. कर्सर जागचा न हलवता केलेली क्लिकही दिसत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे प्रत्येक टपालाची एक प्रत मागणे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून ‘रॉ इनपुट’ ही सोय मिळाली. ‘मी मागे असलो तरी मला प्रत द्या’ असे प्रोग्रॅम तिथे नोंदवू शकतो. मग कोणता माउस, किती सरकला, कोणते बटण दाबले, हे सगळे त्याला मिळते. मात्र मूळ टपाल अडवण्याचा किंवा त्यात बदल करण्याचा अधिकार त्याला नसतो.

चौथा प्रकार आहे ‘हुक’, म्हणजे सरळ सरळ आकडा. यात प्रत्येक निरोप विंडोकडे जाण्याआधी या प्रोग्रॅमच्या हातातून जातो. तो वाचू शकतो आणि वाटल्यास तिथेच थांबवूही शकतो. अधिकार मोठा, म्हणून धोकाही मोठा. हा मधला गडी रेंगाळला तर सगळ्या संगणकाचा कर्सर अडखळू लागतो. म्हणूनच विंडोज ठरावीक वेळेपलीकडे त्याची वाट पाहत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत ही मर्यादा फार तर एक सेकंदाची आहे. विंडोज ७ पासून तर वेळेत उत्तर न देणारा हुक गुपचूप काढून टाकला जाऊ शकतो आणि त्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही.

मनगटाच्या कामी

आता जरा हाताकडे पाहू. तळहाताच्या मुळाशी हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्याला ‘कार्पल टनेल’ म्हणतात. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना या नसेकडे असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४ निरोगी व्यक्तींच्या मनगटातला दाब माउस वापरताना मोजला गेला. माउसवर हात नुसता ठेवला असता तो पाऱ्याच्या साधारण १८ मिलिमीटरइतका होता. बटण दाबून धरून एखादी वस्तू पडद्यावर ओढताना तो साधारण ३० पर्यंत गेला. या पातळीचा दाब फार वेळ टिकला तर नसेच्या कामावर परिणाम होऊ शकतो.

याचा अर्थ माउस धरणाऱ्या प्रत्येकाची नस दबते, असा मुळीच नाही. कार्पल टनेलच्या दुखण्यामागे मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण अशी अनेक कारणे असतात. मग माउसचा वाटा नेमका किती? हे शोधताना संशोधकांची मोठी अडचण व्हायची. ‘तुम्ही रोज किती तास माउस वापरता?’ असे विचारले तर लोक अंदाजाने सांगतात आणि तो अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा जास्त असतो. संगणकासमोर बसलेला सगळा वेळ आपण माउसच्या खाती जमा करतो.

डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर उपाय केला. त्यांनी २१४६ तंत्रसहायकांच्या संगणकांवर मागे चालणारा एक प्रोग्रॅम ठेवला. माउस आणि कीबोर्ड प्रत्यक्षात किती वेळ वापरला जातो हे तो टिपत असे. मान आणि खांदा किती दुखतो, हे ते सहायक दर आठवड्याला नोंदवत. २००८ मध्ये निष्कर्ष आले. माउसचा वापर वाढला तसे त्या-त्या आठवड्याचे दुखणे थोडे वाढत गेले. वापरानुसार चार गट केले तर दर वरच्या गटाला मानेच्या दुखण्याचा धोका चार टक्क्यांनी आणि खांद्याच्या दुखण्याचा दहा टक्क्यांनी जास्त होता. पण महिनोन्महिने टिकणारे जुनाट दुखणे कुणाला होणार, हे माउसच्या तासांवरून सांगता आले नाही. घाबरवणारे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे, दोघांनाही या अभ्यासाने आवर घातला. मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमने हाताची हालचाल टिपली नसती, तर हे इतक्या नेमकेपणाने कळले नसते.

विश्रांतीचा फायदा तर त्याआधीच दिसला होता. अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २००० मध्ये डेटा एंट्री करणाऱ्या ४२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या सुट्टीखेरीज ज्या तासाला सुट्टी नसे त्या तासाला पाच मिनिटांची, अशी दिवसाला एकूण २० मिनिटांची जादा विश्रांती त्यांना दिली गेली. अंगाचे अवघडणे आणि डोळ्यांवरचा ताण कमी झाला. वीस मिनिटे कमी काम करूनही दिवसाचे काम मात्र घटले नाही.

मग मोबाइलवर दर तासाचा गजर लावला की झाले, नाही का? इथेच माउसकडे लक्ष ठेवण्याचा उपयोग समजतो. गजराला तुम्ही नुकतेच चहा पिऊन आलात हे कळत नाही, तो तरीही वाजतो. चार वेळा असे झाले की आपण तो बंद करून टाकतो. ‘वर्करेव्ह’सारखे मोफत प्रोग्रॅम मागे राहून हाताची हालचाल पाहतात. तुम्ही स्वतःहून थांबलात तर ती विश्रांती ते जमेस धरतात आणि सलग काम झाले तरच टोकतात. त्याच्या विंडोज आवृत्तीत हालचाल टिपणाऱ्या भागाचे नाव ‘हार्पून’, म्हणजे मासे पकडायचा भाला आहे! वर सांगितलेला आकडाच तो टाकतो. पण त्याचा सगळा कोड खुला आहे. तो काय टिपतो आणि काय टिपत नाही, हे जाणकाराला तपासून पाहता येते.

हात काय काय सांगून जातो

‘शेवटची हालचाल कधी’ हा आकडा आणि ‘हालचालीचा प्रत्येक तपशील’ यांत केवढा फरक आहे, हे आरोग्य संशोधनातूनच नीट कळते. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिक या संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये ९० जणांवर ऑफिससारख्या वातावरणात प्रयोग केला. ताणाखाली असलेली माणसे माउस जास्त वेळा, पण कमी अचूकपणे हलवतात आणि कर्सरला पडद्यावर लांबचा फेरा घालायला लावतात, असे दिसले. निवांत असलेली माणसे थोडक्या, सरळ वाटेने जातात. ताण ओळखण्यासाठी हृदयाच्या ठोक्यांपेक्षा हाताची ही चाल अधिक उपयोगी ठरली. अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांना २०१५ मध्ये दिसले की, स्मरणशक्ती आणि आकलन किंचित मंदावू लागलेल्या ज्येष्ठांच्या रोजच्या वापरात माउसच्या हालचाली कमी होतात, अनियमित होतात आणि दोन हालचालींमधले थांबे लांबतात.

हे निष्कर्ष गटांबद्दलचे आहेत. एखाद्याचा कर्सर वाकडा गेला म्हणून त्याला ताण आहे किंवा विसरभोळेपणा जडला आहे, असे निदान त्यावरून करता येत नाही. टेबल डुगडुगत असेल, माउस जुना असेल, झोप झाली नसेल. तरीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाच्या संमतीने वापरले तर हे साधन पुढे उपयोगी पडू शकेल. पण हीच बारीक नोंद तुमच्या नकळत तुमच्या साहेबांकडे किंवा तिसऱ्याच कंपनीकडे जमत असेल, तर? तुमचा रक्तदाब कुणी न विचारता मोजावा, तसाच हा प्रकार होईल.

हिरव्या ठिपक्याची धास्ती

फ्रान्समध्ये असेच एक प्रकरण गाजले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ‘सीएनआयएल’ या डेटा संरक्षण संस्थेने एका कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम ठरावीक वेळेत, म्हणजे ३ ते १५ मिनिटांत, माउस किंवा कीबोर्ड हलला नाही तर तो वेळ ‘निष्क्रिय’ म्हणून मांडत असे. तो भरून काढला नाही तर पगार कापला जाण्याची शक्यता होती. संस्थेचे म्हणणे साधे होते: माउस हलत नाही त्या वेळी माणूस बैठकीत असेल, फोनवर बोलत असेल. तेही कामच आहे.

जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने २०१७ मध्येच, ठोस संशय नसताना कर्मचाऱ्याच्या संगणकावर कीबोर्डची नोंद करणारा प्रोग्रॅम बसवून मिळवलेला पुरावा नोकरीवरून काढण्यासाठी ग्राह्य धरायला नकार दिला होता. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी काही माहिती संमतीशिवायही वापरण्याची मुभा देतो. त्यामुळे ‘कायद्यात बसते का’ यापलीकडे जाऊन ‘काय टिपता आणि कशासाठी’ हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

मोजमाप चुकीचे असले की पळवाटाही निघतात. बाजारात ‘माउस जिगलर’ मिळतात. कुणी नसताना ते माउस हलवत राहतात. प्रोग्रॅमने तयार केलेल्या खोट्या हालचालीवर विंडोज तशी खूण करते आणि हुक लावणाऱ्याला ती दिसते. पण माउस ठेवून फिरवणाऱ्या थाळीची हालचाल संगणकाला खऱ्या हातासारखीच वाटते. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केल्यावरून काढल्याचे उघड झाले. एकीकडे पाळत, दुसरीकडे बनवाबनवी. यात कामाची प्रत कुणीच मोजत नाही. हाताच्या तब्येतीचे तर नुकसानच होते, कारण ठिपका हिरवा राहावा म्हणून माणूस जागचा उठेनासा होतो. जी पाच मिनिटे अवघडणे कमी करतात, नेमकी तीच पाच मिनिटे ‘निष्क्रिय’ ठरतात.

तुम्ही काय करू शकता?

मॅकवर २०१९ पासून ‘इनपुट मॉनिटरिंग’ नावाची वेगळी परवानगी आहे. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ती सापडेल. तिथे कोणकोणत्या प्रोग्रॅमची नावे आहेत ते एकदा पाहा. ओळखीचे नसेल त्याची परवानगी काढा. लिनक्सच्या जुन्या ‘एक्स’ पद्धतीत कोणताही प्रोग्रॅम सगळ्यांचे टपाल ऐकू शकत असे. नव्या ‘वेलँड’ पद्धतीत ते दार मुळातच बंद केले आहे आणि ‘माणूस बराच वेळ थांबला आहे का’ एवढेच सांगणारी छोटी खिडकी ठेवली आहे. साध्या विंडोज प्रोग्रॅमसाठी अशी परवानगी मागितली जात नाही. त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून आलेले प्रोग्रॅम टाकू नयेत, हाच तिथला पहिला उपाय.

ऑफिसच्या संगणकावर काय टिपले जाते हे एचआरला लेखी विचारा. प्रश्न तीनच असू द्या: फक्त थांबल्याची वेळ टिपता की प्रत्येक हालचाल? ही नोंद कोण पाहते? किती दिवस ठेवता? विश्रांतीची आठवण करणारा प्रोग्रॅम निवडतानाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. हाताला विसावा द्यायला ‘शेवटची हालचाल कधी’ एवढा एक आकडा बहुतेक वेळा पुरतो. त्याहून जास्त मागणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे.

आणि हाताबद्दल. माउस कोपराच्या जवळ, कीबोर्डच्या पातळीवर ठेवा. मनगट वर मुडपलेले नको. वाचत असताना हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवा. तासातून एकदा उठा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातली कपबशी निसटत असेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुकरची शिट्टी झाली की तर जरूर उठा. ठिपका पिवळा झाला तरी चालेल.